वेंगुर्लं आज पाच-आठ

जगात खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतील, पण खरं आकड्यांत बोलणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे अगदी शब्दशः. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमचं घर चौथ्या मजल्यावर, काकांचं पाचव्या, आणि त्यांच्यावर फक्त गच्ची. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांचं 'हॅलो, आवाज येत नाही' ऐकून निवृत्त झालेला माणूस पुढे कुठल्याच यंत्राला कान लावणार नाही, असं कुणालाही वाटेल. पण काकांनी नोकरीत असतानाच रीतसर परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा सरकारी परवाना मिळवला होता आणि बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात स्वतःच्या हातानं एक संच बांधला होता. दिवसभर तारेवरचं ऐकायचं आणि घरी येऊन बिनतारी ऐकायचं, असा त्यांचा संसार. आता तारेवरचं संपलं, एवढाच निवृत्तीमुळे पडलेला फरक.

या बिनतारीवाल्यांत एक रिवाज आहे. समोरच्याचा आवाज आपल्याकडे कसा येतोय, ते त्याला दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा पाचापैकी: बोलणं किती समजतं. दुसरा नवापैकी: आवाज किती जोरात येतो. सगळंच लख्ख असेल तर पाच-नऊ. आता रिवाज म्हटला की त्यात शिष्टाचार आलाच. त्यामुळे बाकीची मंडळी सरसकट सगळ्यांना पाच-नऊ देऊन टाकतात. 'तुमचा आवाज पाच-नऊ येतोय, फक्त तुमचं नाव, गाव आणि काय म्हणालात ते पुन्हा सांगा' असं बोलणारे महाभाग मी स्वतः काकांच्या संचावर ऐकले आहेत. काकांना या प्रकाराची भयंकर चीड. 'समोरचा विचारतोय म्हणजे त्याला कळायला हवंय,' ते म्हणत, 'खोटा आकडा दिला तर तो बिचारा जन्मभर बिघडलेला संच घेऊन बसेल.' म्हणून ते मोजूनमापून आकडा देत आणि तोच आकडा शाईच्या पेनानं वहीत लिहीत. वहीत खाडाखोड नाही. अशा एकवीस जाड वह्या त्यांच्या कपाटात आहेत, आणि काकूंच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत आहेत.

हे सगळं संचापुरतं राहिलं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण काकांना जे काही ऐकू येई त्याला ते आकडा देत. आमच्याकडच्या सत्यनारायणाला गुरुजींनी दक्षिणेआधी सहज विचारलं, 'काय काका, पूजा कशी झाली?' काका म्हणाले, 'दोन-नऊ. आवाज खणखणीत, पण समजलं काहीच नाही.' पुतणीला पाहायला आलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी भर बैठकीत तीन-चार दिले आणि घास गिळून मग बोलायला सुचवलं. ते स्थळ फिसकटलं, पण मुलगा पुन्हा येऊन लग्न करून गेला, कारण म्हणे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या वडिलांना हे सांगितलं होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या भाषणांना गेली सहा वर्षं चार-नऊ मिळतात. 'तो एक गुण कुठे जातो?' असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, 'वाक्य संपताना तू आवाज खाली नेतोस. बहुधा तुला स्वतःलाच पटत नसतं.' त्या दिवसापासून मी वाक्याच्या शेवटी ओरडतो, पण आकडा हललेला नाही.

काकांचं जगात सगळ्यांत जवळचं माणूस म्हणजे वेंगुर्ल्याचे एक गृहस्थ. बोटीवर बिनतारी चालवून निवृत्त झालेले, बोलायला अस्सल मालवणी. तीस वर्षं रोज सकाळी सव्वासात वाजता हे दोघं संचावर भेटत. काका त्यांना नावानं हाक मारत नसत, गावानंच ओळखत. 'वेंगुर्लं आज पाच-सात आहे' किंवा 'वेंगुर्ल्याला सर्दी झालीय' असं ते काकूंना सांगत. पलीकडचा पहिला प्रश्न ठरलेला: 'माजो आवाज कसो येता?' आणि काकांचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: 'पाच-आठ.' तीस वर्षांत त्या भल्या माणसाला काकांनी एकदाही नऊ दिला नव्हता. तो नववा गुण मिळवण्यासाठी वेंगुर्लेकरांनी काय नाही केलं? संच नव्यानं बांधला, तार बदलली, आणि साठी उलटल्यावर एरियल उंच न्यायचं म्हणून स्वतः माडावर चढले. खाली उतरून धापा टाकत त्यांनी विचारलं, 'आता?' काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, 'पाच-आठ. पण आठ चांगला आहे.'

एवढ्या वर्षांत त्यांची प्रत्यक्ष गाठ एकदाच पडली, वेंगुर्लेकरांच्या मुलीच्या लग्नात. काकू सांगतात, दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले आणि अर्धा तास एकमेकांकडे पाहून नुसते हसत राहिले. समोर माणूस दिसत असताना त्याच्याशी बोलायचं कसं, हे दोघांनाही सुचेना. शेवटी काकांनी आपली खुर्ची फिरवली आणि पाठीला पाठ लावून बसले. मग जे सुरू झालं ते पंगत उठेपर्यंत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणत होते म्हणे, आणि वाढपी जिलबी घेऊन दोघांच्या मधे आला तेव्हा दोघांनी एकदमच त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

काकांचं एरियल म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून दुसऱ्या टोकाच्या बांबूपर्यंत ताणलेली एक लांबलचक तार. आता गच्चीवर ताणलेली तार पाहिल्यावर कुठल्याही गृहिणीच्या मनात काय येईल ते सांगायला नको. काकांनी पाटी लावली, तार उंच नेली, पण उंच तारेसाठी काठ्या मिळतात. एकदा माझ्याच बायकोनं ओली डबल बेडची चादर त्यावर टाकली. सव्वासातला तिकडून, चारेकशे किलोमीटरांवरून, प्रश्न आला, 'आज तारेर कोणी चादर घातल्यान काय?' काका वर जाऊन पाहून आले आणि मग खाली माझ्या दारात येऊन म्हणाले, 'तुमची चादर वेंगुर्ल्याहून दिसतेय.' बायको त्यानंतर महिनाभर गच्चीवर गेली नाही.

असं सगळं सुखात चाललेलं असताना गेल्या पावसाळ्यानंतर सोसायटीची वार्षिक सभा भरली. रविवार सकाळ, खाली पार्किंगमध्ये खुर्च्या, भाड्यानं आणलेला लाऊडस्पीकर. अध्यक्ष लिफ्टवर बोलायला उभे राहिले. ते लिफ्टवर बोलायला लागले की लिफ्ट जेवढा वेळ बंद असते तेवढा वेळ बोलतात. काका सभेला आले नव्हते. वर बसून ते कुठल्याशा नवशिक्या बिनतारीवाल्याला धडे देत होते. अध्यक्षांनी श्वास घ्यायला उसंत घेतली, तेवढ्यात लाऊडस्पीकरमधून गंभीर आवाज आला: 'आवाज घोगरा येतोय. तोंड मायक्रोफोनपासून जरा लांब घ्या आणि मुद्द्याचं तेवढंच थोडक्यात सांगा. ओव्हर.' अध्यक्ष दचकून अर्धं पाऊल मागे सरले आणि त्यांनी दोन मिनिटांत भाषण आटोपलं. 'आता ठीक. चार-सात,' लाऊडस्पीकर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग अध्यक्षांना हा आवाज कुणाचा ते कळलं.

एरियल आठ दिवसांत उतरवायचं, असा ठराव झाला. तो निरोप घेऊन जायची जबाबदारी सेक्रेटरीवर. मी जिने चढताना चार प्रकारची वाक्यं तयार केली होती, पण काकांनी संच आधीच बंद करून त्यावर फडकं घातलं होतं. 'माझ्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रात गडबड झाली म्हणजे चूक कुणाचीही असो, निस्तरायची मी,' ते म्हणाले. मग त्यांनी तो भाड्याचा लाऊडस्पीकर पुन्हा मागवला आणि त्याच्या वायरींना फेराइटच्या काळ्या कड्या घातल्या. फेराइट म्हणजे दगडासारखी दिसणारी एक काळी वस्तू, वायर तिच्यातून ओवली की नको त्या लहरी आत शिरत नाहीत आणि बाहेरही पडत नाहीत. घरोघरच्या टीव्हीलाही त्यांनी कड्या घातल्या, स्वतःच्या संचाला फिल्टर नावाची गाळणी लावली, आणि आठव्या दिवशी अध्यक्षांच्या हातात माईक देऊन वर जाऊन पंधरा मिनिटं बोलले. लाऊडस्पीकरमधून चकार शब्द आला नाही. ठराव मागे घेतला. अध्यक्षांना थोडं वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

नऊ दिवसांनी काकांनी वेंगुर्लं लावलं तर ते पाच-पाच आलं. पुढच्या आठवड्यात चार-चार. दिवाळीपर्यंत तीन-तीन. संचात सतत खरखर होती आणि त्या खरखरीत तो मालवणी आवाज बुडत चालला होता. काकांनी मला बोलावून सांगितलं, 'हे आपल्याकडचं आहे. वेंगुर्ल्यात काही बिघाड नाही. या बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी यंत्र घाण करतंय आणि माझा माणूस मला ऐकू येत नाहीये.' त्यांचा चेहरा इतका कसनुसा झाला होता, की मी सेक्रेटरी या नात्यानं त्यांना कुणाच्याही घरात शिरायची परवानगी देऊन टाकली. ही परवानगी माझ्या अधिकारात नव्हती, हे मला नंतर पुष्कळांनी सांगितलं.

मग जे सुरू झालं त्याला शोधमोहीम म्हणावं की धाड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मोडक्या कॅरमबोर्डाच्या चौकटीवर तार गुंडाळून काकांनी एक दिशा दाखवणारं एरियल बनवलं. ते ट्रान्झिस्टरला जोडून, ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवून, चौकट दोन्ही हातांत धरून ते जिन्यानं वर-खाली फिरत. चौकट फिरवली की खरखर कमी-जास्त होई आणि गुन्हेगार कुठल्या दिशेला आहे ते कळे. दुसऱ्या मजल्यावरचा माशांच्या पेटीतला हीटर सापडला. पहिल्या मजल्यावरचा देवघरातला विजेचा दिवा सापडला. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर त्यांचा संशय होता, म्हणून त्यांनी काकूंचं धोपाटणं नेऊन सकाळी सकाळी खांब बडवला. बडवल्यावर खरखर थांबते का, हे बघायचं होतं. दूध आणायला निघालेली पंधरा-वीस माणसं जमली. एकानं 'काय झालं?' विचारलं, तर काका म्हणाले, 'हा नाही. हा निर्दोष आहे,' आणि खांबाला थोपटून परत आले.

सर्वांत जास्त घाण करत होते ते मोबाईलचे चार्जर, आणि ते घराघरांत पाच-पाच. प्रत्येकाला फेराइटची कडी लावायची तर लोक ऐकेनात. तेव्हा काकांनी युक्ती काढली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी वाण म्हणून तिळगुळाबरोबर प्रत्येकीला पाच-पाच काळ्या कड्या वाटल्या. काय करायचं ते काका छापील कागदावर देणार होते, पण कागद छापून आले दुसऱ्या दिवशी. तोवर बिल्डिंगनं आपापल्या परीनं अर्थ लावला होता. वाणात काळी वस्तू मिळाली म्हणजे ती दृष्टीसाठीच असणार. तिसऱ्या मजल्यावर ती लिंबू-मिरचीच्या वर दारात लटकली. एका बाळाच्या कमरेला करगोट्यात ओवली गेली. अध्यक्षांनी आपल्या नव्या स्कूटरला बांधली आणि आजपर्यंत सोडलेली नाही. काकू प्रत्येक दारात जाऊन समजावून आल्या. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, 'अहो, चार्जरला लावू की, पण दारातली राहू द्या. लावल्यापासून सासूबाई गप्प आहेत.'

मधेच एकदा मी काकांना सुचवलं की तुम्ही संच घेऊन कुठेतरी लांब, जिथे चार्जर नाहीत अशा ठिकाणी जाऊन ऐकून बघा, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. जवळच्या निर्मळ गावात ओळखीच्या एका बाईंची केळीची वाडी आहे, तिथे आम्ही भल्या सकाळी बॅटरीवर संच लावला. वाडीतल्या मोटरचीसुद्धा खरखर येत होती. बाई म्हणाल्या, 'अंकल, तुमच्यासाठी मोटर बंद करते, पण तुमचं झालं की सांगा, केळी वाट बघतात.' मोटर बंद झाली. वेंगुर्लं तिथेही तीन-तीनच आलं. मी काकांकडे पाहिलं. ते केळीच्या झाडांकडे पाहत होते. 'पानं ओली आहेत,' ते म्हणाले, 'ओली पानं लहरी शोषतात. हे धरायचं नाही.' येताना बाईंनी दिलेली सुकेळी त्यांनी सगळी मलाच दिली.

शेवटचा गुन्हेगार माझ्याच घरात निघाला. पाठ चेपणारी माझी लाडकी विजेची खुर्ची, जिच्यावर मी रोज सकाळी सात ते साडेसात डोळे मिटून बसतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाचा जीव टांगणीला लागला होता, आणि सगळ्यांत वाईट खरखर मी पाठ चेपून घेत असताना होत होती, हे कळल्यावर मला खरंच लाज वाटली. मी खुर्ची बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांकडे गेलो. त्यांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं. संच लावला, तर त्यातून काहीच आलं नाही. खरखर नाही, गुणगुण नाही. इतकी शांतता मी वसईत कधी ऐकली नव्हती. काकांचे डोळे चमकले. 'बघ,' ते म्हणाले, 'झाली बिल्डिंग स्वच्छ. आता माझा माणूस येईल.'

सव्वासात वाजले. आधी कोंबडा आरवला, तो वेंगुर्ल्यातला. मग नारळ खवल्याचा आवाज आला. एक भांडं पडलं. मग एका बाईचा आवाज आला, बहुधा सुनेचा, लांबून, पण अगदी आमच्या खोलीत बसल्यासारखा स्वच्छ: 'बाबानू, च्या थंड होता.' आणि त्यानंतर, त्या सगळ्याच्या खूप अलीकडे, मायक्रोफोनला लागूनच, कुणीतरी श्वास घेतला. तो श्वास लांबत गेला, अडला, पुन्हा सुरू झाला. मग कसाबसा शब्द बाहेर पडला. 'कसो येता?'

मला बिनतारीतलं काही कळत नाही, पण त्या क्षणी एवढं कळलं, की तिथली तार शाबूत आहे, संच शाबूत आहे, कोंबडासुद्धा पाच-नऊ आहे. काकांनाही ते माझ्याआधी कळलं असणार. ते मायक्रोफोन हातात धरून बसून राहिले. एवढा वेळ त्यांनी कधीच घेतला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग काकांनी बटण दाबलं आणि म्हणाले, 'पाच-नऊ.'

पलीकडे श्वास चालू होता. बऱ्याच वेळानं आवाज आला, 'खरा सांगतंस?'

'वहीत लिहितोय,' काका म्हणाले, आणि त्यांनी वही पुढे ओढून शाईनं लिहिलं. तिकडून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि वेंगुर्लं त्या दिवसापुरतं बंद झालं.

मी उठायला हवं होतं, पण मी सेक्रेटरी आहे, मला नोंदी बघायची खोड आहे. मी म्हटलं, 'काका, वहीतसुद्धा?' ते म्हणाले, 'पहिला आकडा समजण्याचा. त्याला काय म्हणायचंय ते आज मला सगळं समजलं. पाचच होतात.' 'आणि नऊ?' मी विचारलं. त्यांनी संचावर फडकं घातलं, त्याच्या घड्या सारख्या केल्या आणि काकूंना माझ्यासाठीही चहा टाकायला सांगितलं. जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, 'दिवाळीतच वेंगुर्ल्याहून सुनेचा फोन आला होता, त्यांची तब्येत खालावलीय म्हणून. मी लगेच सांगितलं यांना. म्हणाले, कुणाचा तरी चार्जर असेल.'

पुढे तीन आठवडे वहीत रोज तोच आकडा पडला. शिमग्याच्या दोन दिवस आधी वेंगुर्लं आलं नाही, आणि नंतरही आलं नाही. काका अजून सव्वासातला संच लावून पंधरा मिनिटं बसतात. त्या पंधरा मिनिटांत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी चार्जर लावत नाही. कुणी ठराव केलेला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पहिल्यांदा काढला आणि मग सगळेच काढू लागले. मीही साडेसातपर्यंत पाठ तशीच ठेवतो.

बाकी काकांचे आकडे पूर्वीइतकेच कडक आहेत. परवा सोसायटीच्या सभेत मी पाण्याच्या टाकीवर बोललो, जीव तोडून बोललो, एकही वाक्य खाली पडू दिलं नाही. खाली बसल्यावर मी काकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून जरा विचार केला आणि चार-नऊ दिले. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं. आता त्यांच्या तोंडून चार ऐकला की बरं वाटतं, आणि त्यांनी मला पाच-नऊ कधीच देऊ नये, असं मनापासून वाटतं.